खेळाचे वेड आणि गावाची रीत



एखाद्या मुलाला विचारावे, "बाळ, तुझा आवडता खेळ कोणता?" आणि त्याने दिलेल्या उत्तरावरून त्याचे गाव ओळखावे, अशी आपल्या मुलखाची स्थिती फार वर्षे होती. पुष्कळ अंशी ती आजही आहे. कुस्ती म्हणाला तर समजावे, पोर कृष्णा-वारणेच्या नाहीतर पंचगंगेच्या काठचे. कबड्डी म्हणाला तर कोकणातले, किंवा कोकणातून मुंबईला गेलेल्या घरातले. फुटबॉल म्हणाला तर गोव्याचे, नाहीतर थेट कोल्हापूरच्या पेठेतले. आपण म्हणतो की खेळाची आवड ज्याची त्याला असते. मला मात्र आयुष्यभर खेळ बघून आणि शाळेत तो शिकवून असे वाटू लागले आहे, की ही आवड मुलाला गाव देते. बोली जशी कानावर पडून येते, तशीच ही आवडही येते. आणि गाव जे देत नाही, ते मिळवायला मुलाला फार झगडावे लागते. आज याच गोष्टीविषयी चार शब्द आपल्यापुढे ठेवणार आहे.

माझे बालपण सातारा जिल्ह्यात कऱ्हाडच्या बाजूला गेले. तिकडे चैत्र लागला की जत्रांचा हंगाम सुरू होतो. देवाची पालखी एक दिवस आणि कुस्त्यांचा फड दुसरा दिवस, असा ठरलेला क्रम असे. हलगी आणि घुमके वाजू लागले की घरात कुणाचा पाय ठरत नसे. सुरुवातीला अगदी लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लावीत. मग नारळावर, मग पाच-दहा रुपयांवर, असे करीत करीत दिवस मावळताना शेवटची मोठी इनामी कुस्ती. आमच्यासारख्या पोरांना आई-बाप, शाळा, गणित सगळे विसरायला लावील असा तो दिवस!

पण मला आज सांगायचे आहे ते पैलवानांविषयी नव्हे, तर बघणाऱ्यांविषयी. फडात बसलेला म्हातारा शेतकरी नुसता बघत नसे. तो मनातल्या मनात लढत असे. पैलवानाने पट काढला की याचा हात आपोआप पुढे जायचा. ढाक कुठे चुकली, घिस्सा वेळेवर का बसला नाही, हे त्याला सांगता येई. कुस्ती निकाली झाली की जिंकणारा गडी फडाला फेरी मारी आणि लोक कनवटीचा पैसा काढून त्याच्या हातावर ठेवीत. कुणी एक रुपया देई, कुणी आठ आणे. तिकीट नाही, खुर्ची नाही. पण बघणारा आणि खेळणारा यांच्यामध्ये अंतरही नाही. पैलवान गावाचा असे आणि त्याचा खुराकही गावाचाच असे. कुणाच्या घरून दूध येई, कुणाच्या घरून तूप येई, तर कुणी बदामाची पुडी पाठवी.

या रीतीचे मोल किती आहे, ते खाशाबा जाधवांच्या कथेवरून ध्यानात येते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा हा गडी. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांचा सहावा क्रमांक आला. उभा जन्म लाल मातीत काढलेला माणूस तिथे गादीवर लढला. पुढे १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा खर्चाचे पैसे नव्हते. तेव्हा गावोगाव वर्गणी जमली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या गाड्या कुणी हुकूम काढून आणलेल्या नव्हत्या. ज्यांनी वर्गणी दिली होती, त्यांनीच आपापली बैले जुंपली होती. पदक एकाच्या गळ्यात होते, पण ते साऱ्या मुलखाने मिळवले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आता कुणी विचारील, कुस्तीचे हे वेड याच भागात इतके का? त्याला कारणे आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला. दूरदूरचे मल्ल आणून सांभाळले. रोमचे प्राचीन क्रीडागार नजरेसमोर ठेवून त्यांनी खासबागचे मैदान बांधविले. ते १९१२ साली पुरे झाले. मध्ये खोलगट हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, म्हणजे कुठेही बसा, कुस्ती सारखीच दिसते. राजाने मैदान दिले, नदीने ऊस आणि वैरण दिली, वैरणीने दूध दिले, आणि दुधाने पैलवान दिले. याच मातीतून गणपत आंदळकर आणि मारुती माने यांच्यासारखे मल्ल निघाले आणि १९६२ साली जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेतून पदके घेऊन आले.

आणि गंमत बघा, याच कोल्हापुरात कुस्तीच्या शेजारी दुसरे वेड वाढले ते फुटबॉलचे. हिंदुस्थानात इतर ठिकाणी फुटबॉल संघांना क्लब म्हणतात. कोल्हापुरात त्यांची नावे ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. खेळ साहेबाचा, पण नाव तालमीचे! ज्या पेठेची तालीम, त्या पेठेचा संघ. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना लागला की त्या दिवशी नात्यागोत्यातसुद्धा दोन तट पडतात. विश्वचषक आला की गल्लीगल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे फडकतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, तो काही आभाळातून पडला नव्हता. त्याच्यामागे या पेठांचे कित्येक वर्षांचे वेड उभे होते. बाहेरून आलेला खेळ स्थानिक मातीत रुजायचा असेल तर त्याला स्थानिक घरात जागा मिळावी लागते. कोल्हापुरात तालमीने फुटबॉलला आपल्या घरात घेतले.

मी आठवीत गेलो आणि १९७३ साली शिक्षणासाठी मुंबईला लालबागला मामाकडे राहायला आलो. मामा गिरणीत साच्यावर होते. एका खोलीत आम्ही नऊ माणसे. पहिल्याच आठवड्यात चाळीतल्या पोरांनी मला विचारले, "काय रे, खेळतोस काय?" मी म्हटले, "कुस्ती." पोरे हसली नाहीत, पण त्यांना त्यात रसही वाटला नाही. कारण लालबाग-परळचा श्वास म्हणजे कबड्डी. दिवसाची पाळी सुटली, भोंगा झाला, की गडी घरी जाऊन चहाचा घोट घेत आणि मैदानात येत. रात्री दिव्यांच्या माळा लावून सामने चालत. आम्ही गावाकडे ज्याला हुतूतू म्हणत होतो तो हाच खेळ. पण इथे त्याला शिस्त होती. चढाई करणारा निदान रेषा ओलांडून आत शिरला की शेकडो माणसे एकदम गप्प होत आणि त्याचा दम ऐकू येई. पकड झाली, की चाळीच्या गॅलऱ्यांतून असा गजर उठे की गिरणीचा भोंगा फिका पडावा.

तिथे मला पहिल्यांदा उमगले की बघण्याच्या तऱ्हाही गावागावांच्या वेगळ्या असतात. आमच्या फडातला माणूस पैलवानाचे नाव आणि त्याचा वस्ताद विचारी. लालबागचा माणूस विचारी, "कुठल्या मंडळाचा? कुठल्या गिरणीचा?" कोकणातल्या एकेका गावची माणसे एकेका वस्तीत राहत. तेव्हा संघाची हार म्हणजे सगळ्या वस्तीची हार असे. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद होत गेल्या, कुटुंबे पांगली, आणि त्या मैदानांवर जमणारी गर्दीही ओसरली. खेळ कारखान्यात तयार होत नाही हे खरे, पण हातावर पोट असलेल्यांचा खेळ त्यांच्या रोजगाराबरोबर तरतो आणि बुडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. नंतर १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला मान मिळाला, २०१४ पासून तिचे व्यावसायिक सामने दूरचित्रवाणीवर दिसू लागले. हे सारे चांगलेच झाले. कबड्डी तरली, परंतु ज्या चाळीने तिला वाढविले, ती चाळ मात्र राहिली नाही. शंकरराव साळवी यांच्यासारख्यांनी या खेळासाठी आयुष्य घालविले. त्यांच्या जन्मदिवशी, म्हणजे १५ जुलैला, राज्यात कबड्डी दिन पाळतात. त्या दिवशी या चाळींचीही आठवण काढावी, असे मला वाटते.

लालबागेतून चालत शिवाजी पार्कला गेले की मात्र जगच बदले. तिथे पांढरे कपडे आणि क्रिकेट. मुंबईचे क्रिकेट हा एक स्वतंत्रच धर्म आहे म्हणा ना! १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग ऐन पावसाळ्यात खेळतात. ओल्या, फसव्या खेळपट्टीवर चेंडू कसाही उसळतो आणि अशा चेंडूंवर जो टिकला तो पुढे कुठेही टिकतो. आझाद मैदानावर एकाच वेळी इतके सामने चालतात की एका सामन्यातला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातल्या फलंदाजाच्या मागे उभा असतो. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक जिंकला, त्याचे रहस्य या मैदानांत आहे. आणि मुंबईचा क्रिकेट बघणारा कसा, तर भिंतीवर बसून निवांत शेंगा खाणारा. ओरडणार नाही. पण शाळकरी पोराने सरळ बॅटीने एक चेंडू नीट अडविला, तर मान डोलवून शेजाऱ्याला म्हणेल, "ह्या पोराला लक्षात ठेवा."

क्रिकेट म्हणजे मुंबईच, असा समज मात्र करून घेऊ नये. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. त्या वेळी जगातला उच्चांक होता ब्रॅडमनचा, ४५२. नऊ धावा काढल्या की बरोबरी. पण समोरच्या संघाने खेळ पुढे चालू ठेवण्यास नकार दिला आणि सामना सोडून दिला! प्रथम दर्जाच्या सामन्यांत कोणाही भारतीयाने एका डावात इतक्या धावा आजवर काढलेल्या नाहीत. आणि हा माणूस एकही कसोटी सामना खेळला नाही. अलीकडे विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक नेला, तेव्हा नागपूरच्या लोकांना किती आनंद झाला असेल, याची कल्पना मुंबईकराला येणे कठीण. ज्याच्या घरी रोज पुरणपोळी, त्याला सणाचे काय कौतुक?

विदर्भावरून आठवले. व्यायामशिक्षकाच्या शिक्षणासाठी मी अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात राहिलो. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेली ही संस्था. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. तिथली रीत आणखी निराळी. पहाटे मैदानावर शेकडो मुले-मुली एका ठेक्यात लेझीम करताहेत, मल्लखांबावर चढताहेत. तिथे बघणारा कुणी नाहीच, सगळेच करणारे. एका गुरुजींनी मला सांगितले, "आमच्याकडे टाळ्या वाजवायला माणूस ठेवत नाहीत, त्यालाही मैदानात घेतात." पण त्याच वऱ्हाडात आणि पूर्वेकडे झाडीपट्टीत हिवाळा आला की शंकरपट भरतात आणि त्या पटाला मात्र अख्खा मुलूख लोटतो. पटाच्या रात्री नाटक असते. बैल, पाहुणे, लेकीसुना, जावई, सगळ्यांचा तो सण. पुणे जिल्ह्याच्या घाटांत तोच खेळ बैलगाडा म्हणून चालतो, आमच्याकडे शर्यत म्हणून. २०१४ साली न्यायालयाने त्यावर बंदी घातली. पुढे कायद्यात बदल झाला आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. मुक्या जनावराला इजा होऊ नये ही गोष्ट गावाने स्वतःहूनच पाळली पाहिजे, हे जाता जाता सांगतो.

पुढे तीन वर्षे मी सावंतवाडीकडे नोकरीस होतो. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. अंतर काही कोसांचे. भाषा समजते, भात तेच, मासळी तीच. पण मैदानात बघावे तर सगळा फुटबॉल! बारदेशातल्या शिवोली गावी १८८३ साली एका पाद्र्याने मुलांना हा खेळ शिकविला, अशी नोंद आहे. पोर्तुगीज राजवटीत पाद्र्यांच्या शाळांतून तो गावोगाव पसरला. भाताची कापणी झाली की मोकळ्या वायंगणात दोन बांबू रोवून पोरे खेळायची. पुढे साळगांवकर, धेंपे, सेझा अशा खाण आणि उद्योगवाल्यांनी मोठे संघ उभे केले. त्यामुळे खेळणाऱ्याला नोकरी मिळू लागली. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक भारताचा कर्णधार झाला. गोव्याचा बघणारा मला फार आवडला. रविवारी सारे गाव सामन्याला येते. म्हाताऱ्या बाया छत्री घेऊन बांधावर बसतात आणि रेफ्रीला चार शब्द ऐकवायला मागेपुढे पाहत नाहीत! तरी याच फुटबॉलवेड्या गोव्यात मडगावला दिलीप सरदेसाई जन्मले आणि १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये किंग्स्टनला २१२ धावा काढून गेले. गावाची रीत बलवत्तर असली तरी एखादा गडी ती ओलांडून जातोच.

इथवर सांगितलेले सगळे ऐकून आपल्याला वाटेल, की आपला मुलूख खेळाच्या वैभवाने किती नटलेला आहे! तो आहेच. पण या वैभवाची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. गाव ज्या खेळाकडे बघते तोच वाढतो, हे खरे असेल, तर गाव ज्याच्याकडे बघत नाही त्याचे काय होते?

माझी थोरली बहीण सातवीत होती. साल १९७१. शाळेच्या मुलींचा खो-खोचा संघ जिल्ह्याला निवडला गेला. बहीण संघात पाठलाग करणारी. ती खांब मारायची तेव्हा वाटायचे, ही पडली. पण हात खांबाला आणि अंग दुसऱ्या दिशेला, अशी ती वळायची. संघाला साताऱ्याला जायचे तर एस.टी.चे भाडे हवे. नुकतीच जत्रेची वर्गणी जमली होती, कुस्त्यांच्या इनामाची रक्कम शिल्लक होती. शाळेच्या बाई चावडीवर गेल्या आणि त्यांनी भाड्यापुरते पैसे मागितले. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी उत्तर दिले, "बाई, पोरींच्या पळापळीला कसली वर्गणी?" कुणी रागावले नाही, कुणी भांडले नाही. सगळे हसले आणि विषय संपला.

बाईंनी भाडे पदरचे घातले. पोरी गेल्या, खेळल्या आणि करंडक घेऊन आल्या. एस.टी. फाट्यावर थांबली तेव्हा घ्यायला कुणी नव्हते. हलगी वाजली नाही. करंडक शाळेच्या कपाटावर गेला. पुढच्या वर्षी मोठा दुष्काळ पडला, बहिणीची शाळा सुटली आणि ती आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली. दोन वर्षांनी तिचे लग्न झाले.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. दोघांचेही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मी बहिणीकडे गेलो होतो. नातवाच्या मोबाईलवर तिने महिलांचा अंतिम सामना बसल्या जागेवरून न उठता बघितला. आता ही बाई सत्तरीच्या घरात. गुडघे धरलेले. पण पोरीने खांब मारला की हिचा खांदा हलायचा, आमच्या फडातल्या म्हाताऱ्यांचा हलायचा तसाच. सामना संपल्यावर म्हणाली, "किती मानसं बघाया आल्याती रं! आमाला कुनी बघितलंच न्हाई." त्यात तक्रार नव्हती. नुसते नवल होते.

श्रोतेहो, खाशाबांसाठी ज्या मुलखाने वर्गणी काढली, तोच हा मुलूख. माणसे तीच, मनाचा मोठेपणा तोच. फरक एवढाच, की कुस्ती बघायची सवय होती आणि पोरींचा खेळ बघायची सवय नव्हती. दुष्टपणा कुणाचाच नव्हता. आणि म्हणूनच ही गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. दुष्टपणाशी भांडता येते. सवयीशी कसे भांडणार?

पण सवय बदलते, याची उदाहरणे आता आपल्यासमोर आहेत. धाराशिवच्या सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला खो-खो संघाने २०१६ साली दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि तिला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आधी खो-खोच खेळत होती; पुढे धावू लागली आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत उतरली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचे आईबाप वीटभट्टीवर काम करीत. त्याने त्याच स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्ण आणले. पाणी नाही, ऊस नाही, दूध नाही, अशा मुलखातून ही पोरे निघाली. आणि सांगलीला २०२३ साली महिलांची महाराष्ट्र केसरी कुस्ती झाली, तिथल्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. ज्या हौद्याभोवती एके काळी बाईमाणूस दिसत नसे, तिथे आता ती मध्यभागी उभी आहे आणि फेटेवाले म्हातारे तिला शाबासकी देत आहेत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तर कुस्तीच्या माहेरघरातला. पण तो नेमबाज झाला आणि २०२४ साली पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्रात आले. त्याचे वडील शिक्षक आहेत, हे येथे शिक्षकबंधूंना मुद्दाम सांगतो.

आता थोडे शिक्षकांशी आणि गावच्या कारभाऱ्यांशी बोलतो. पहिली गोष्ट, गावाचा जो मूळचा खेळ आहे तो सोडू नका. कुस्ती असो, कबड्डी असो, आट्यापाट्या असोत. तो गावाचा ठेवा आहे आणि तो जाणणारी जुनी माणसे अजून आहेत. त्यांना आठवड्यातून एकदा शाळेत बोलवा. दुसरी गोष्ट, जत्रेच्या वर्गणीतला काही भाग शाळेच्या संघांच्या प्रवासखर्चासाठी आधीच बाजूला काढून ठेवा, आणि त्यात मुलामुलींचा भेद करू नका. रक्कम मोठी लागत नाही. फाट्यापासून जिल्ह्यापर्यंतचे भाडे ते काय! तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत मोठी. मुलांचा सामना असेल तेव्हा जाऊन बघा. आज मोबाईलवर घरबसल्या जगातला कोणताही सामना दिसतो. तो अवश्य बघावा; मीही बघतो. पण पडद्यावरच्या खेळाडूला आपण बघतो हे कळत नाही. आपल्या शाळेच्या मैदानावरच्या पोरीला मात्र ते लगेच कळते. ती एकदा मान वर करून बघते, बांधावर आपला चुलता उभा आहे, आणि तिचा पाय दुप्पट जोराने उचलतो.

शाळेत एक वही ठेवावी. कोणत्या साली कोणता संघ कुठे खेळला, कोण होते, निकाल काय झाला, हे तीत लिहून ठेवावे. हरले असतील तरी लिहावे. कपाटावरचा करंडक गंजतो, त्याच्यावरची अक्षरे पुसतात. वहीतले नाव राहते, आणि पुढे एखादी नात शाळेत येऊन ते वाचते.

खेळाचे वेड गाव देते, असे मी आरंभी म्हटले. मग ते देताना हात थोडा सैल सोडावा, एवढीच माझी विनंती आहे. कुणाच्या वाट्याला हलगी आणि कुणाच्या वाट्याला रिकामा फाटा, असे आपल्या गावात यापुढे होऊ नये. या जत्रेच्या हंगामात आपण कुस्त्या बघालच. त्याच आठवड्यात एक दिवस शाळेच्या मैदानावरही जाऊन बसा.